तीन वाढल्या

"हे 'वाढल्या' म्हणजे काय?"

निरीक्षक लोखंड्यांनी नोंदवही माझ्याकडे फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. बोटाखाली सिस्टर शालनचं गोल, शाळकरी अक्षर होतं. तारीख, मग 'मॉर्फिन इंजेक्शन', आणि पुढच्या रकान्यात दोनच शब्द: तीन वाढल्या.

"ज्यांनी लिहिलंय त्यांनाच विचारा साहेब," मी म्हणालो. "ती वही त्यांच्या ताब्यात असते. किल्लीसुद्धा."

किल्लीचं त्यांनी विचारलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

सव्वीस वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा मी आमच्या तालुक्याच्या गावी, डॉक्टर दाबक्यांच्या धर्मादाय रुग्णालयात औषधनिर्माता होतो. रीतसर पदविका घेतलेली, नोंदणीचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत भिंतीवर टांगलेलं. तरी गाव मला 'कंपाउंडर' म्हणायचं. कुणी फारच मान द्यायचा झाला तर 'कंपाउंडरसाहेब'. आणि शालन गवंडीला सगळं गाव 'बाई' म्हणायचं. नुसतं बाई. गावात शाळेतल्या बाया होत्या, अंगणवाडीच्या होत्या, पण 'बाई आल्या होत्या का?' असं कुणी विचारलं की ते शालनबद्दलच असायचं.

ती कॅन्सरच्या पेशंटांना घरी जाऊन इंजेक्शन द्यायची. ज्यांचं आता काही होण्यासारखं नाही, नुसतं दुखणं थांबवायचं आहे, अशांना. पूर्वी हे औषध गावात दोन दुकानांत मिळत असे. मग अमली पदार्थांचा कायदा कडक झाला, आणि पुढं दरवर्षी त्याला नवं शेपूट फुटू लागलं. नवी यादी, नवं परिपत्रक, या खात्याचा परवाना वेगळा, त्या खात्याचा वेगळा, आणि दुसरा हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत उलटलेली. दुकानदारांनी हात जोडले. सरकारी दवाखान्यानं मागणी पाठवणंच बंद केलं. शेवटी तीन तालुक्यांत मिळून आमच्या वॉर्डातलं एक पोलादी कपाट तेवढं उरलं. त्याची किल्ली नियमानं माझ्याकडे हवी होती. दाबक्यांनी ती शालनला दिली. "मिरासे, पेशंट कळवळायला लागतो तेव्हा ती तिथं असते, तुम्ही नसता," असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

ते 'वाढल्या' काय होतं ते मला पक्कं माहीत होतं. रुग्णालयात झाडूवाल्यापासून सगळ्यांना माहीत होतं. शालनच्या वॉर्डात 'संपलं', 'फुटलं', 'गेलं' हे शब्द उच्चारायचे नाहीत असा तिचा दंडक होता. सलाईन संपलं तर ते वाढलं म्हणायचं. थर्मामीटर फुटला तर तो वाढला. बायका बांगडीला म्हणतात तसं. "आत जी माणसं पडली आहेत त्यांच्या कानावर कशाला घालायचं संपलं-फुटलं?" ती म्हणायची. सुरुवातीला आम्ही तिची टिंगल करायचो. मग जिभेला सवय लागली. आणि तिच्या हाताला तर इतकी, की सरकारी वहीतसुद्धा तिनं तेच लिहिलं.

"वाढल्या म्हणजे साठा जास्त झाला, असंच ना?" लोखंडे म्हणाले. तरुण माणूस, शर्टाची इस्त्री कडक, कपाळावर घाम. त्याच महिन्यात शेजारच्या जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाची पेटीच्या पेटी नशेबाजांकडे सापडली होती, आणि जिथं जिथं परवाना आहे तिथं तिथं तपासणी करा असा वरून हुकूम सुटला होता. बाहेर जीपमध्ये दोन पोलीस बसले होते. "आधी चौदा होत्या. तीन वाढल्या, म्हणजे सतरा. पुढच्या ओळीत शिल्लक लिहिली आहे अकरा. सहा कुठं गेल्या?"

"मी काय सांगणार?" मी म्हणालो.

तेवढ्यात बाहेर तिची लूना थांबल्याचा आवाज आला.

शालन आत आली ती हसतच. पन्नाशीला टेकलेली, ठेंगणी, पांढऱ्या साडीचा पदर खोचलेला. भिकोबा कासाराच्या घरून येत होती. भिकोबा म्हणजे आमच्या कासार गल्लीतला सगळ्यात जुना बांगडीवाला. त्याचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. सकाळी एक आणि संध्याकाळी एक इंजेक्शन मिळालं की तो उशीला टेकून बसायचा, बायकोनं लावलेल्या बांगड्यांच्या जोड्या चुकल्या म्हणून तिला टोकायचा. इंजेक्शनला तासभर उशीर झाला तर गल्लीच्या तोंडापर्यंत त्याचा आवाज यायचा.

"बसा साहेब, चहा सांगते," शालन म्हणाली.

"चहा नको. हे सांगा."

तिनं वही पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! फुटल्या हो त्या. तीन कुप्या फुटल्या. आमच्यात फुटल्या म्हणत नाहीत, म्हणून वाढल्या लिहिलं. चौदातून तीन गेल्या, अकरा राहिल्या. हिशेब करा ना."

लोखंडे वाईट माणूस नव्हता. हे मला आजही म्हणावंसं वाटतं, कारण तो वाईट असता तर माझा भार थोडा हलका झाला असता. त्यानं वही मिटली आणि म्हणाला, "बाई, मीही मराठी घरातलाच आहे. नारळ वाढवतात, दुकान वाढवतात, मला ठाऊक आहे. पण हे सरकारी पुस्तक आहे. फुटल्या, तर कुणाच्या हातून, कुणासमोर, काचा कुठं टाकल्या, खाली साक्षीदाराची सही, हे सगळं इथं पाहिजे. ते काहीच नाही."

"माझ्या हातून फुटल्या," शालन म्हणाली.

"साक्षीदार?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मला एक माणूस द्या," लोखंडे म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जवळजवळ विनंती होती. "एकच. जो म्हणेल की हो, फुटल्या, मी डोळ्यांनी पाहिल्या. मी तसा जबाब लिहून घेतो, ताकीद देतो आणि जातो. नाहीतर उद्या मला विचारतील, सहा कुप्या कुठं सोडल्यास म्हणून. या कायद्यात मलाही कुणी सोडत नाही."

"भाऊ," शालन मला म्हणाली. ती मला नेहमीच भाऊ म्हणायची. "सांगा ना साहेबांना."

आता मी काय बघत होतो ते सांगतो. मी तिच्या कमरेची किल्ली बघत होतो. आणि मला माझे वडील आठवत होते.

त्याच्या चार वर्षं आधी ते याच वॉर्डात गेले. घशाचा कॅन्सर. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, रजा टाकून सोळा दिवस त्यांच्या उशाशी बसून होतो. ओठ ओले करायचे, पाठ पुसायची, सगळं मी केलं. आणि शेवटच्या दुपारी त्यांनी डोळे उघडले, माझ्या हातात हात होता त्यांचा, आणि विचारलं, "बाई आल्या का?" मी म्हणालो, "दादा, मी आहे." त्यांनी मान हलवली, मी आहे हे त्यांना कळलं होतं. तरी पुन्हा म्हणाले, "बाई कुठं आहेत?" ती आली. तिनं कपाळावर हात ठेवला. मग ते गेले. माझी बायको सुमन रडत रडत तिच्या पाया पडली. मी भिंतीशी उभा होतो. त्या दिवसापासून शालनची लूना फाटकात वाजली की मी माझी खिडकी अर्धी ओढून घ्यायचो.

"मी फार्मसीतला माणूस," मी लोखंड्याला म्हणालो. "वॉर्डातलं मला काही माहीत नाही."

शालनचं तोंड उघडं राहिलं. मग तिनं ते मिटलं. कमरेची किल्ली सोडून तिनं टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "साहेब, संध्याकाळी साडेसहाला भिकोबा कासाराचं इंजेक्शन आहे. तेवढं देऊन येऊ का?"

कपाटाला लाखेचं सील लागलं. तिच्या पिशवीतली संध्याकाळसाठीची कुपीसुद्धा पंचनाम्यात गेली. आणि शालन जीपमध्ये दोन पोलिसांच्या मध्ये बसून गेली. मला वाटलं होतं, ताकीद मिळेल, वही माझ्याकडे येईल, किल्ली माझ्याकडे येईल, एवढंच. देवाशप्पथ एवढंच वाटलं होतं. पण त्या कायद्यात जामीन सहज मिळत नाही हे मी औषधनिर्माता असून मला नीट माहीत नव्हतं.

डॉक्टर दाबके पुण्याला गेले होते, ते दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी फोनवरून आरडाओरडा केला, वकील केला, जिल्ह्याला जाऊन आले. सगळीकडे एकच उत्तर: तुमच्या स्वतःच्या फार्मासिस्टनं दुजोरा दिलेला नाही.

"मिरासे, खरंच तुम्ही पाहिलं नाहीत?" त्यांनी मला खोलीत बोलावून विचारलं.

"नाही साहेब."

"ती म्हणते त्या दिवशी तुम्ही ड्यूटीवर होता."

"ड्यूटीवर होतो. माझ्या खिडकीत होतो."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या क्षणी मी सांगणार होतो. खरंच. ओठावर आलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "तिच्यासारखी बाई पुन्हा नाही मिळायची हो. हे रुग्णालय मी बांधलं, पण चालतं तिच्यावर." आणि ओठावरचं मी गिळलं. एकवीस वर्षं मी तिथं काम करत होतो. एकवीस वर्षांत एकदाही एकही औषध चुकीचं दिलं नव्हतं.

असंच रोज झालं. सकाळी उठताना मी ठरवायचो, आज सांगायचं. आणि दिवसभरात कुणीतरी असं काही बोलायचं की ते राहून जायचं. बाजारपेठेतल्या बायकांनी तहसीलदारांना निवेदन दिलं. त्यावर चारशे सह्या होत्या. चारशे! मला अटक झाली असती तर किती झाल्या असत्या, याचा मी हिशेब केला. पंधरा धरल्या, त्या पण नातेवाईक धरून. घरी सुमन रोज पहाटे उठून डबा करायची, आणि तिचा भाऊ तो मोटारसायकलवरून जिल्ह्याच्या तुरुंगात पोचवायचा. दोन भाज्या, वर गूळपोळी.

"माझ्या डब्यात गूळपोळी कधी आली नाही ती," मी एकदा म्हणालो.

सुमन माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही तुरुंगात आहात का?" तिनं विचारलं.

आणि रोज सकाळी नऊला माझ्या खिडकीशी सुंदराबाई येऊन उभी राहायची. भिकोबाची बायको. बांगड्यांची दुरडी डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडलेली उंच, ताठ बाई; त्या आठवड्यात ती वाकून गेली.

"औशीद आलं का?"

"नाही आलं, मावशी. कपाटाला सील आहे."

"मंग ते तोडा की."

"तसं करता येत नाही. गुन्हा होतो."

"आन् हितं जे व्हतंय ते काय व्हतंय?"

मी तिला साध्या वेदनाशामक गोळ्यांचं पाकीट द्यायचो. भिकोबाच्या दुखण्याला त्या म्हणजे वणव्यावर चूळ टाकण्यासारखं होतं, हे मला कळत होतं आणि तिलाही कळत होतं. तरी ती ते पाकीट पदरात बांधून न्यायची. दाबक्यांनी एक दिवस जीप केली, त्याला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं म्हणून. नव्वद किलोमीटर. तिथं औषध होतं, पण पेशंट समोर हजर हवा, घरी द्यायचं नाही असा नियम. चौघांनी उचलून त्याला जीपमध्ये घातला. पहिल्या खड्ड्याला तो असा ओरडला की ड्रायव्हरनंच गाडी मागं फिरवली. "मला न्हाई जमायचं डाक्टर," तो म्हणाला. "म्या जित्रापंबी अशी नेली न्हाईत कवा."

सहाव्या दिवशी सुंदराबाई खिडकीशी आली ती औषध मागायला नव्हे.

"म्या एक इच्यारू का कंपाउंडर? लोक म्हणत्यात, बाईनं वहीत वाढल्या लिवलं, म्हून धरली. खरं हाय?"

"हो."

"वाढल्या म्हंजी फुटल्या. आमच्या धंद्यात जलमभर त्योच शबूद. त्या सायबाला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

"सांगितलं. त्यांना साक्षीदार पाहिजे."

"मंग? हुबं असंल की कुणीतरी तवा."

मी गोळ्यांची पाकिटं मोजत राहिलो. चाळीस होती. मी ती दोनदा मोजली.

"औशीद नका दिऊ," ती म्हणाली. "माणसाला तेवढं सांगा. जो हुबा हुता त्येला." आणि गेली. तिला संशय आला होता का, की ती भाबडेपणानंच बोलली, हे मला आजवर कळलेलं नाही.

सातव्या दिवशी दुपारी मी कासार गल्लीत गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या लावलेल्या होत्या, वैशाखाच्या उकाड्यात. दोन-तीन घरं तर पोराबाळांना घेऊन पाहुण्यांकडे निघून गेली होती, आवाज ऐकवेना म्हणून. मी गेलो तेव्हा आवाज नव्हता. भिकोबानं दातांत धोतराचा बोळा धरला होता आणि तो बोळा रक्तानं भिजला होता. अंगाखालची गोधडी नखांनी फाडून तिच्या चिंध्या झाल्या होत्या. सुंदराबाई त्याचे पाय धरून बसली होती. खाटेच्या बाजूनं भिंतीवर हिरव्या, लाल, पोपटी बांगड्यांच्या माळा टांगलेल्या होत्या आणि खाट हादरली की त्या किणकिणायच्या.

मी त्याच्या उशाशी बसलो. हात धरला. खरंच धरला, मनापासून धरला. म्हटलं, "भिकोबा, मी आलोय. मिरासे."

त्यानं डोळे उघडले. तोंडातला बोळा काढला. माझ्याकडे, माझ्या मागं, दाराकडे पाहिलं.

"बाई आल्या?"

आणि तिथं, त्या खाटेवर, त्या माणसाचा हात हातात असताना, मला राग आला. त्याच्या दुखण्याचा नव्हे. सरकारचा नव्हे, कायद्याचा नव्हे. तिचा. जिल्ह्याच्या तुरुंगात बसून ती इथं होती, आणि मी इथं बसून नव्हतो. मी हात सोडला. "येतील," असं म्हणालो आणि उठलो. तिथून लोखंड्याचं कचेरीतलं टेबल दहा मिनिटांच्या चालीवर होतं. मी घरी गेलो.

भिकोबा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला गेला. सुंदराबाईनं हातातल्या बांगड्या स्वतःच उंबऱ्यावर आपटल्या आणि मोठ्यानं म्हणाली, "फुटल्या! फुटल्या म्हना आता. वाढल्या न्हाईत, फुटल्या!" गल्लीतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले.

मी त्या जमावात मागं उभा होतो. तसाच कचेरीत गेलो.

लोखंडे जेवायला बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. ते इथंही सांगतो, कारण आतापर्यंत ते मी चुकवत आलो आहे. त्या तीन कुप्या शालनच्या हातून फुटल्या नव्हत्या. माझ्या हातून फुटल्या होत्या.

तपासणीच्या आधी सहा आठवड्यांची गोष्ट. मी वॉर्डात गेलो आणि शालनला म्हणालो, किल्ली द्या, साठा मोजायचा माझा अधिकार आहे. तिनं एका शब्दानं हरकत घेतली नाही. कपाट उघडून दिलं. मी ट्रे ओढला. "भाऊ, दोन्ही हातांनी धरा, तो एका बाजूला कलतो," ती म्हणाली. त्यावर मी चिडलो. मला ट्रे धरायला शिकवते! मी तो एका हातानं हिसकला आणि तीन कुप्या शहाबादी फरशीवर. माझ्या अंगठ्यात काच गेली. तिनं खाली बसून काचा वेचल्या, माझा अंगठा बांधला, फरशी पुसून घेतली, आणि वहीत दोन शब्द लिहिले. "कुणाच्या हातून ते नाही लिहीत," ती म्हणाली. "तुमचा बढतीचा कागद ट्रस्टींकडे गेलाय ना? उगाच कुणाच्या तरी डोळ्यावर यायचं." म्हणून वहीत नाव नव्हतं. म्हणून साक्षीदार नव्हता. आणि साहेबानं विचारलं तेव्हाही तिनं ते स्वतःवर घेतलं, आणि मी ते तिला घेऊ दिलं.

लोखंड्यानं घास ताटात परत ठेवला. "आज सांगताय हे?" तो म्हणाला. "आठ दिवसांनी?"

जबाबावर मी सही केली. चार दिवसांनी शालनला जामीन मिळाला. खटला पुढं तीन वर्षं रेंगाळला आणि शेवटी काही निघालं नाही म्हणून मिटला. पण आमच्या ट्रस्टींनी खटल्याची वाट पाहिली नाही. पुढच्याच बैठकीत त्यांनी परवाना परत करायचा ठराव केला. "नको ती ब्याद," अध्यक्ष म्हणाले. दाबके एकटे विरोधात होते. "तीन तालुक्यांत कुठंच मिळणार नाही मग," ते सांगत राहिले. "मग नाही मिळणार," अध्यक्ष म्हणाले. "पण आपल्या दारात जीप येणार नाही." पुढं कायदा थोडा सैल झाला असं म्हणतात, परवानेही सोपे झाले. आमच्याकडे पुन्हा कुणी अर्ज केला नाही. भिकोबानंतर त्या गावात कॅन्सरनं किती माणसं गेली आणि कशी गेली, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आणि माझं काय झालं ते ऐका. माझं कौतुक झालं. चूक स्वतःहून कबूल करणारा, बढतीवर पाणी सोडून एका बाईला सोडवणारा माणूस म्हणून. तालुक्याच्या साप्ताहिकात चार ओळी आल्या. रस्त्यात लोक थांबून हात हातात घ्यायचे. एकदोघांनी तर मला 'मिरासेसाहेब' म्हटलं. ज्याच्यासाठी मी जळत होतो ते सगळं मला त्या पंधरा दिवसांत मिळालं. सुमनचं तेवढं वेगळं होतं. ती माझं ताट वाढायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची.

शालननं राजीनामा दिला. अकलूजला तिचा भाऊ होता, त्याच्याकडे राहायला जायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या क्वार्टरवर गेलो. एक खोली, एक मोरी. ट्रंक भरून झाली होती, ती गादीची वळकटी बांधत होती. तुरुंगातल्या दिवसांनी ती बारीक झाली होती. मी दोरीचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी मिळून गाठ मारली.

"बसा भाऊ," ती म्हणाली. बसायला काही उरलं नव्हतं, म्हणून आम्ही वळकटीवरच बसलो.

"भिकोबाचं कळलं मला आत," ती म्हणाली. "त्याला शेवटी कुणी होतं का जवळ?"

"सुंदराबाई होती."

"तसं नाही. आपल्यातलं कुणी."

"मी गेलो होतो आदल्या दिवशी."

"बरं केलंत." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "त्याला बरं वाटलं असेल."

मी वळकटीची गाठ चाचपली.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "रागानं नाही विचारत. त्या दिवशी साहेबांसमोर तुम्ही गप्प का बसलात? आत मी रोज त्यावर विचार करायची. दुसरं काही करायला नव्हतंच. आणि रोज स्वतःला सांगायची, शालन, माणूस आहे, घाबरला असेल. दोन मुली आहेत त्याला. पोलीस बघून भल्याभल्यांचे पाय लटपटतात. त्यामुळं मला राग असा आलाच नाही तुमचा. घाबरलेल्या माणसावर काय रागवायचं? घाबरलात ना तुम्ही?"

मी घाबरलो नव्हतो. त्या दिवशी माझं मन जितकं थंड होतं तितकं आयुष्यात कधी नव्हतं. मला तिचा हेवा वाटत होता, बस. माझ्या बापानं मरताना तिला हाक मारली म्हणून. चारशे सह्या म्हणून, गूळपोळी म्हणून. आणि आता या वळकटीवर बसून, जिला मी तुरुंगात घातलं ती माझी समजूत काढत होती, आणि मला तिच्या या चांगुलपणाचाही हेवा वाटत होता. हे सगळं तिला सांगायचं म्हणून तर मी आलो होतो.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो बाई," मी म्हणालो. "घाबरलो होतो."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसून चहा टाकायला उठली.